नजर जाईल तिथे उजेड

राई गावच्या खाडीत बाबुरावांची वरची कवळी पडली, ती माणुसकीपायी.

अमावस्येची पहाट होती, पाणी पार ओसरलेलं होतं, आणि बाबुराव तिवरांच्या मुळांशी वाकून एका बिळात लोखंडी आकडी घालून बसले होते. चिंबोरी, म्हणजे खाडीचा खेकडा, काढायला दोन हात लागतात, एक आकडीला आणि एक बिळाच्या तोंडाशी. उजेडासाठी तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून बॅटरी निघाल्यापासून राईतले लोक ती दातांत धरत आलेत. बाबुरावांचे दात गेले, कवळी आली, पण बॅटरी धरायची जागा बदलली नाही. तर त्या पहाटे त्यांना दिसलं, की आपला जोडीदार सहादेव पाय टाकतोय तिथे नुसता लोण्यासारखा गाळ आहे. "थांब" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. सहादेव वाचला. बॅटरी आणि कवळी मात्र एकमेकींना न सोडता गाळात गेल्या.

सहादेवच्या बॅटरीचे सेल आधीच मरायला टेकले होते. दोघं अंधारात चाचपडत बांधावरून परत निघाले आणि बाबुराव घसरले. फार काही नाही, नडगी सोलपटली. पण घरी पोचले तेव्हा तोंडात दात नाहीत, पायावर रक्त आणि अंगभर चिखल, असा देखावा होता. दार उघडणाऱ्या सुनेला, हेमांगीला, काय झालं ते सांगायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. कवळीशिवाय सांगितल्यामुळे तिला फक्त सहादेव बुडाला एवढंच कळलं. तिने किंकाळी फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सहादेव पिशव्या घेऊन आला.

दोन्ही पिशव्या नेहमी तोच उचलायचा. बांधावरून रस्त्यापर्यंत बाबुरावांना ओझं लागू द्यायचं नाही, असा त्याचा शिरस्ता होता. राईत त्याच्या या मोठेपणाचं कौतुक होतं.

त्याच दिवशी दुपारी घरात कोर्ट बसलं. न्यायाधीश मुलगा योगेंद्र. योगेंद्र जागेच्या खरेदी-विक्रीत आहे. जिथे आजोबांचं मिठागर होतं त्या जागेच्या कडेला आता इमारती आहेत आणि त्यांतले फ्लॅट तो "खाडीचा व्ह्यू" म्हणून विकतो. त्याच व्ह्यूमध्ये आपला बाप पहाटे उकिडवा बसलेला असतो, हे तो गिऱ्हाइकांना सांगत नसे. त्याचं म्हणणं साधं होतं. पाय मोडला तर कोण बघणार? चिंबोऱ्या बाजारात मिळतात. आकडी भंगारात द्या.

बाबुराव काही बोलले नाहीत. एक तर कवळी नव्हती, आणि दुसरं म्हणजे बोलण्यासारखं जे होतं ते योगेंद्रला सांगून कळलं नसतं. मिठागर गेलं, भातशेती गेली, गावात आता रस्ता विचारायची वेळ येते. फक्त खाजणात, तिवरांच्या चिखलात, उतरलं की कुठलं बीळ चालू आहे आणि कुठलं सोडून दिलेलं, गाळ कुठे पाय धरतो आणि कुठे गिळतो, हे त्यांना अजून कोणाला विचारावं लागत नाही. त्यांची खाडी काढून घेतली असती तर ते राईतच परगावचे झाले असते.

बोलल्या त्या रुक्मिणीबाई. "यांना घरान बसवलास तर मी कुठं बसू, त्ये पन सांग."

यात तथ्य होतं. बाबुराव घरी असले की स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात आणि फोडणीत मोहरी आधी की जिरं, यावर मत देतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, रुक्मिणीबाईंनी त्यांचं एकही मत घेतलेलं नाही, पण त्यांचा उत्साह टिकून आहे.

हेमांगीने मोबाईल पुढे केला. डोक्याला पट्ट्याने बांधायचा दिवा मिळतो, डोंगर चढणारे लोक वापरतात. दोन्ही हात मोकळे, तोंडही मोकळं. योगेंद्रने बराच विचार केल्यासारखा चेहरा करून निकाल दिला: नीट दिवा मिळाला, तो बाबांनी खरोखर डोक्याला लावला आणि सहादेवकाका बरोबर असले, तरच जायचं. एकट्याने कधीच नाही. पौर्णिमेच्या उधाणापर्यंत हे जमलं नाही, तर आकडी भंगारात.

पहिला दिवा हेमांगीने घरबसल्या मागवला. जास्त उजेड म्हणजे चांगला दिवा, असा तिचा समज होता आणि जाहिरातवाल्यांचाही होता. कपाळावर एका रांगेत पाच डोळे, मागे मानेवर साबणाच्या वडीएवढी बॅटरीची पेटी. बाबुरावांनी तो लावून गॅलरीतून खाडीकडे पाहिलं. समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी खिडकी उघडून, ये हॅलोजन कौन लगाया है, अशी चौकशी केली. बाबुरावांनी नम्रपणे त्यांच्याकडे मान वळवली, त्यामुळे ते आणखी चिडले. शिवाय पेटीच्या वजनाने बाबुरावांची मान मागे गेली आणि चष्मा कपाळाकडे सरकला. या दिव्याने आकाश चांगलं दिसत होतं, पण चिंबोऱ्या आकाशात नसतात. दिवा परत गेला.

दुसरा हलका होता आणि हुशार होता. बटण शोधायला नको, समोरून हात हलवला की लागतो, पुन्हा हलवला की विझतो. घरात फार छान चालला. हेमांगीने टाळ्या वाजवल्या, तेव्हाही तो एकदा विझून लागला. संध्याकाळी बाबुराव परसात तुळशीपाशी उकिडवे बसले आणि बीळ आहे असं समजून कुंडीखाली काडी घालू लागले. तेवढ्यात डास आले. राईचे डास नाकापासून सुरुवात करतात. बाबुराव हात हलवायचे, दिवा विझायचा. अंधार झाला म्हणून दुसरा डास यायचा, बाबुराव पुन्हा हात हलवायचे, दिवा लागायचा. भिंतीपलीकडे नवीन राहायला आलेल्या बाईंना वाटलं की म्हातारबाबा खाडीपलीकडे कोणाला तरी खुणा करतायत. तोही दिवा परत गेला.

तेव्हा बाबुराव म्हणाले, आता मी स्वतः जाऊन बघतो. तोवर तात्पुरती कवळी आली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये ट्रेकिंगच्या सामानाचं एक दुकान आहे. काउंटरवर पंचविशीची एक मुलगी होती. तिने "हां अंकल, बोलिए" म्हटलं, म्हणून बाबुराव हिंदीत शिरले. मीरा रोडला हे असंच असतं. समोरच्याचं आडनाव कळेपर्यंत दोघं मराठी माणसं एकमेकांच्या हिंदीचा आदर करतात.

तिने विचारलं, ट्रेक को कहाँ जाते हो? बाबुराव म्हणाले, खाडी में. तिने हे नाव ऐकलं नव्हतं, पण नवीन नवीन ट्रेक निघत असतात. तिने विचारलं, हाईट कितना है?

"हाईट नहीं है," बाबुराव म्हणाले. "खोल है."

मुलगी विचारात पडली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती म्हणाली, "हो गं आई, जेवले, भाजी संपवली." बाबुरावांनी छताकडे पाहिलं, तिने काउंटरकडे. मग तिने आपलं नाव क्षितिजा असल्याचं सांगितलं आणि पुढचं सगळं बोलणं दोघांच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं मराठीत झालं.

क्षितिजाने काउंटरवर चार-पाच दिवे मांडले आणि उजेड किती, पल्ला किती, पावसात चालतो का, असं सांगायला सुरुवात केली. बाबुराव ऐकत होते, पण ते दिवा उचलून तळहातावर तोलायचे आणि ठेवून द्यायचे. एक तीन नांग्यांच्या वजनाचा आहे म्हणाले, दुसरा अख्ख्या चिंबोरीच्या. शेवटी एक राखाडी रंगाचा, एकच पट्टा असलेला दिवा त्यांनी बराच वेळ हातात ठेवला. तो एका नांगीचा होता. मध्यम चिंबोरीची, उजवी नांगी.

मग त्यांनी तो डोक्याला लावला, दुकानातले दिवे घालवायला सांगितले आणि काउंटरसमोर उकिडवे बसले. छत्री त्यांच्याजवळ होतीच. तिची मूठ त्यांनी खालच्या फटीत घातली आणि काम सुरू केलं. बूट घ्यायला आलेलं एक जोडपं दारातच थांबलं. क्षितिजाने त्यांना, चालू है, ट्रायल चालू है, असं सांगितलं.

ट्रायल कडक होती. दिवा खाली वाकवता आला पाहिजे, म्हणजे मान वाकवावी लागत नाही. वाकला. बटण चिखलाच्या बोटाने सापडलं पाहिजे. चिखल नव्हता, म्हणून बाबुरावांनी क्षितिजाकडून हाताला क्रीम लावून घेतलं आणि बटण दाबलं. सापडलं. उजेड मंद करता आला पाहिजे, कारण एकदम भगभगीत उजेड पडला की चिंबोरी बिळात मागे जाते ती दुसऱ्या ओहोटीलाच वर येते. झाला मंद. सेल कसले? पेन्सिल सेल, त्यातले बारीक. ते घड्याळात असतात, टीव्हीच्या रिमोटात असतात, राईच्या किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी असतात. चार्ज करायची भानगड नाही. क्षितिजाने वर लाल उजेडही लावून दाखवला. याने दुसऱ्याचे डोळे दिपत नाहीत, ती म्हणाली. बाबुरावांनी लाल उजेडात तिच्याकडे, मग त्या जोडप्याकडे पाहिलं आणि उठले.

"डोक्यावर काय हाय असं वाटतच न्हाय," ते म्हणाले, आणि घरी जाताना रिक्षातही त्यांनी तो काढला नाही.

पौर्णिमा यायची होती, पण मधल्या एका पहाटे पाणी बऱ्यापैकी ओसरणार होतं. दिव्याची परीक्षा म्हणून योगेंद्रने परवानगी दिली. सहादेव स्कूटर घेऊन आला. सहादेव मूळचा परभणीकडचा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. राईच्या नाक्यावर राहायला आला तेव्हा खाडी म्हणजे नकाशातली निळी रेघ, एवढंच त्याला ठाऊक होतं. चिंबोरी त्याने पहिल्यांदा बाबुरावांच्या हातात पाहिली आणि विचारलं, याला पुढनं धरायचं का मागनं? बाबुरावांनी त्याला सगळं शिकवलं. कुठे पाय टाकायचा, आकडी कशी फिरवायची, अंड्यांवर असलेली मादी का सोडायची. आणि खाजणातला सगळ्यात मोठा नियमही शिकवला: दुसऱ्याच्या पिशवीत बघायचं नाही. किती मिळाल्या ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. नजर लागली की बिळं आटतात. राईत सख्खे भाऊ शेजारी शेजारी बसून चिंबोऱ्या काढतात आणि कोणाच्या किती, ते घरी चुलीवर गेल्यावरच कळतं.

दिवा उत्तम चालला. बाबुरावांना स्वतःचे दोन्ही हात एकदम दिसले, ते बऱ्याच दिवसांनी. तोंड मोकळं असल्याने त्यांना बोलताही येत होतं, आणि इतक्या वर्षांची थकबाकी असल्यासारखे ते बोलले. पूर्वी खाजणात दोघांचं बोलणं व्हायचं नाही. आता बाबुराव बिळात आकडी घालून योगेंद्रच्या धंद्यावर, रुक्मिणीबाईंच्या फोडणीवर आणि नव्या कवळीच्या डॉक्टरवर बोलत होते, आणि सहादेव दातांत बॅटरी धरून हुं हुं करत होता.

मग दोघं बांधावर नांग्या बांधायला बसले.

ही विश्रांतीची वेळ. सुतळीने नांग्या बांधायच्या, पिशवीत टाकायच्या, इकडेतिकडे बघायचं. बाबुराव खाडीकडे बघत बसले. निदान त्यांचा चेहरा तरी खाडीकडे बघतोय असा होता. पण मधूनमधून त्यांची मान जराशी डावीकडे वळायची, आणि मान वळली की उजेड वळायचा. उजेडाचा एक गोल ठिपका सहादेवच्या पिशवीच्या तोंडावर येऊन थांबायचा, थोडा आत उतरायचा, आणि पुन्हा खाडीकडे जायचा.

सहादेवने पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली. ठिपका मागून गेला. त्याने पिशवीचं तोंड मुठीत धरलं. ठिपका मुठीवर आला आणि वाट बघत राहिला.

सहादेवने दातांतली बॅटरी काढली. "दादा, मोजून झाल्या का?"

बाबुरावांनी चटकन त्याच्याकडे पाहिलं, त्यामुळे आता सगळा उजेड सहादेवच्या तोंडावर पडला. ते तोंड हसत नव्हतं. बाबुरावांनी मान खाली घातली. खाली त्यांच्या स्वतःच्या पायांवर उजेड पडला, आणि ते पाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

परतताना सहादेवने फक्त आपली पिशवी उचलली.

त्यानंतर त्याचा गुडघा दुखायला लागला. फोन केला की भीमाबाई, त्याची बायको, उचलायच्या आणि गुडघा दुखतोय म्हणायच्या. बाबुरावांनी घरी सांगितलं की सहादेवला बरं नाही. रुक्मिणीबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. योगेंद्रने मुद्दाम काही काढलं नाही, पण भंगारवाला हल्ली किती वाजता येतो, हे त्याने हेमांगीला दोनदा विचारलं.

दिवा खिळ्याला टांगलेला होता. इतकी शोधाशोध करून घेतला, सगळ्या परीक्षांत पास झाला, आणि त्यानेच जोडीदार घालवला. बाबुरावांना एकदा वाटलं, सरळ परत द्यावा. पण क्षितिजाला परत करण्याचं कारण काय सांगणार? दिवा फार खरं दाखवतो, म्हणून?

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ते सहादेवच्या घरी गेले. सहादेव सोफ्यावर बसला होता आणि दाराची कडी वाजताच त्याने गुडघ्यावर हात ठेवला. बोलणं अगदी व्यवस्थित झालं. पावसाचं झालं, रस्त्याच्या खोदकामाचं झालं, भीमाबाईंनी चहा दिला. गुडघ्याला कुठलं तेल चांगलं, यावर दोघांचं एकमत झालं. असं एकमत चाललं असतं तर बाबुराव चहा पिऊन घरी गेले असते आणि आकडी भंगारात गेली असती.

भीमाबाई ट्रे घ्यायला आल्या आणि उभ्या राहिल्या. "ह्येंच्या गुडघ्याला काई बी झालं न्हाई, दादा. काल स्टुलावर चढून पंखा पुसलाय ह्येंनी. तुमी ह्येंची पिशवी तपासली म्हनून रुसून बसलेत."

सहादेवने गुडघ्यावरचा हात काढला. आता तो तिथे ठेवून उपयोग नव्हता.

"रुसलो नाही," तो म्हणाला. "नोकरीत माझी पिशवी रोज गेटवर उघडायचे, दादा. माझीच उघडायचे, सायबाची नाही. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, सुटलो. तुमचा बांध आहे, तुमच्या वाडवडलांची बिळं आहेत, मला कळतं. पण माझ्या पिशवीत तुमचं काही जातंय का, हे तुम्ही असं बघावं..."

बाबुरावांनी कप खाली ठेवला. या बाजूने हे प्रकरण असं दिसत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग ते जे म्हणाले ते त्यांनी रुक्मिणीबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

"तपासत न्हवतू रे, सादेव. तुजी भरते किती, त्ये बगत व्हतू. डोलं गेलं माजं. बीळ दिसत न्हाय पयल्यासारखं. मीच तुला शिकवलं, आनि आता तुज्यापेक्षा कमी घेऊन घरी जायाचं म्हनजे... तुज्या पिशवीत जास्त दिसल्या का मी अजून थोडा येल बसायचा. बराबर झाल्या का उठायचा. कवापासून बगतंय मी. माजी बॅटरी इजवून तुज्या उजेडात बगायचू, म्हनून तुला कललं न्हाय, आता या दिव्याने कललं."

सहादेव त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. भीमाबाईंना आधी वाटलं रडतोय. पण तो हसत होता, आणि हसणं आवरायच्या प्रयत्नात सोफ्याच्या हातावर थापा मारत होता.

"दादा," तो म्हणाला, "मी तुमची पिशवी रस्त्यापर्यंत का उचलतो, सांगा?"

"का?"

"वजन बघायला."

बाबुरावांनी मनातल्या मनात मागच्या सगळ्या ओहोट्या तपासल्या. बांधाच्या टोकाला सहादेवने पुढे केलेला हात, "द्या दादा, तुम्ही दमलात", आणि मग रस्त्यापर्यंत दोन्ही हातांत एकेक पिशवी घेऊन तराजूसारखा चाललेला तो परोपकारी माणूस.

"आनि?" त्यांनी विचारलं. "कुनाची जड असायची?"

"तुमचीच. कायम. दोन वर्षं झाली, मी घरी येऊन हिला म्हणतो, म्हातारा डोळे मिटून काढतो तरी माझ्यापेक्षा जास्त."

"माजी न्हाय जास्त. माजी पिशवी गोनपाटाची हाय, ओली झाली का जड होते."

भीमाबाईंनी ट्रे उचलला आणि आत गेल्या. आतून फोन लावल्याचा आणि मग मधलं दार लागल्याचा आवाज आला. फोन रुक्मिणीबाईंना होता, आणि पुढचा अर्धा तास दोन्ही घरांतल्या बायका ज्या पद्धतीने हसल्या, ती पद्धत त्या दोन पुरुषांनी ऐकली नाही हेच बरं झालं.

उठताना बाबुराव म्हणाले, तुलाही एक दिवा घेऊन देतो. सहादेव म्हणाला, माझा मी घेईन. बाबुराव म्हणाले, पहाटे निघायचंय, त्याआधी कुठलं दुकान उघडणार? तेव्हा सहादेवने सोफ्याच्या उशीमागे हात घातला आणि एक राखाडी दिवा काढला. एकच पट्टा, बारीक सेल. तो दोन दिवसांपूर्वीच सिल्व्हर पार्कला जाऊन आला होता.

"रुसलेला माणूस दिवा कशाला आणतो?" बाबुरावांनी विचारलं.

"म्हटलं, एकदा तरी येईन," सहादेव म्हणाला, "आणि तुमच्या पिशवीत चांगला दिवा लावून बघून घेईन. मग बसेन गुडघा धरून."

दुकानातल्या मुलीने त्याला सांगितलं होतं, की हा दिवा चांगला आहे, एक काका खाली बसून तपासून घेऊन गेलेत.

पहाटे योगेंद्र मागून गेला. वडिलांना कळू न देता, थोडं अंतर ठेवून, मोबाईलचा उजेड खाली धरून. दिवा डोक्याला लावतात की खिशात ठेवतात, हे त्याला बघायचं होतं. बांधाच्या तोंडाशी तो थांबला. पौर्णिमेचा चंद्र इमारतींच्या मागे उतरला होता आणि तिवरांत काळोख होता. आजवर वडील खाडीत असले की योगेंद्रला तो काळोख तेवढा ठाऊक असायचा. कुठे आहेत, उभे आहेत की पडलेत, काही कळायचं नाही, आणि लहानपणापासून तो अंथरुणात पडून तेवढ्यासाठी जागा असायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याऐवजी त्याने आकडी भंगारात द्या असं म्हटलं होतं.

आता काळोखात दोन दिवे होते. एक खाली वाकलेला, स्थिर. दुसरा त्याच्या थोडा पुढे, हळू सरकत. खाली वाकलेला दिवा वर झाला, दुसऱ्याकडे वळला, दुसरा त्याच्याकडे वळला. काहीतरी दाखवलं गेलं, काहीतरी बघितलं गेलं. एक दिवा जोरात हलला, कोणीतरी हसल्यासारखा. मग दोन्ही पुन्हा कामाला लागले. योगेंद्रला त्यांतला वडिलांचा कुठला ते लगेच कळलं. दर थोड्या वेळाने मत दिल्यासारखा जो हलत होता, तो.

तो किती वेळ उभा राहिला ते त्याने पाहिलं नाही. शेवटी दोन्ही दिवे एकदम त्याच्याकडे वळले आणि त्याला समोरचं काही दिसेना.

"कोन हाय?" वडिलांचा आवाज आला.

"मी."

"मागं हो. तिथं लोन्यावानी गाल हाय. पडशील नि आईला माजंच नाव सांगशील."

योगेंद्र मागे झाला आणि घराकडे वळला. घरी पोचेपर्यंत झोप त्याच्या डोळ्यांवर अशी आली होती, की जिन्याच्या कठड्याला धरून चढावं लागलं. स्वयंपाकघरात रुक्मिणीबाई एकट्याच बसून चहा पीत होत्या. त्यांनी दुसरा कप पुढे सरकवला. त्याने नको म्हटलं.

खोलीत हेमांगीने कुशीवर वळून विचारलं, "दिसले का?"

"दिसतात," योगेंद्र म्हणाला, आणि तिने पुढचं विचारायच्या आत तो घोरायला लागला.